अध्यक्ष आणि कार्यकारिणी
(गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



काँग्रेसची कार्यकारिणी हा विषय फलकावर वाचून काहींना आश्चर्य वाटले असेल. मी राज्य सरकारचा नोकर; आजच्या पक्षांबद्दल मी बोलणार नाही. बोलणार आहे ते इतिहासाबद्दल, आणि त्यातला एक मोठा भाग आपल्या जबलपूरच्या अंगणातच घडलेला आहे.

काँग्रेसची स्थापना १८८५ ची. पहिली पस्तीस वर्षे तिचा सारा भर वर्षातून एकदा भरणाऱ्या अधिवेशनावर होता. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला नवी घटना मंजूर झाली आणि वर्षभर कारभार पाहणारी पंधरा जणांची कार्यकारिणी, म्हणजे वर्किंग कमिटी, अस्तित्वात आली. त्याच घटनेने भाषावार प्रांतिक समित्या आल्या. सरकारदरबारी जबलपूर आणि नागपूर एकाच मध्यप्रांतात होते, पण काँग्रेसमध्ये हिंदी आणि मराठी भाग वेगळे झाले.

आता त्रिपुरी. आपण रोज ज्या कमानिया गेटखालून जातो, ते या अधिवेशनाचे स्मारक. मार्च १९३९. बावन्नावे अधिवेशन, म्हणून मिरवणुकीला बावन्न हत्ती. अध्यक्ष सुभाषबाबू तापाने फणफणलेले, त्यांना स्ट्रेचरवरून आणावे लागले. जानेवारीत त्यांनी पट्टाभी सीतारामय्या यांचा दोनशेहून अधिक मतांनी पराभव केला होता. पण त्यानंतर कार्यकारिणीच्या बहुतेक सदस्यांनी राजीनामे दिले. कार्यकारिणी नेमण्याचा अधिकार तेव्हा अध्यक्षांचा होता. त्रिपुरीत गोविंद वल्लभ पंतांचा ठराव मंजूर झाला, की अध्यक्षांनी ती गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. गांधीजी १९३४ पासून काँग्रेसचे साधे सभासदही नव्हते! ते म्हणाले, तुमची समिती तुम्हीच निवडा. तिढा सुटला नाही आणि एप्रिलअखेर सुभाषबाबूंनी कलकत्त्यात राजीनामा दिला. निवडून आलेला, लोकप्रिय अध्यक्ष. पण बरोबर बसायला माणसे नाहीत.

असेच पुढे पुरुषोत्तमदास टंडन यांचे झाले. १९५० मध्ये ते अध्यक्ष झाले, नाशिकला अधिवेशन झाले. कार्यकारिणीत कोण असावे यावरून पंतप्रधान नेहरूंशी पटेना. ऑगस्ट १९५१ मध्ये नेहरू कार्यकारिणीतून बाहेर पडले आणि पुढच्याच महिन्यात टंडन यांना पद सोडावे लागले.

आता याच कार्यकारिणीचे दुसरे रूप पाहू. १४ जुलै १९४२ ला तिने वर्ध्यात ठराव केला, की इंग्रजांनी भारत सोडावा. सगळे एकमताचे होते असे नाही. आंदोलनाची ही वेळ योग्य आहे का, याबद्दल अध्यक्ष मौलाना आझाद आणि नेहरू यांच्या मनात शंका होत्या. राजाजींचे तर मुळातच पटत नव्हते. ते आधीच राजीनामा देऊन मोकळे झाले होते. जे राहिले, त्यांनी मात्र निर्णय आपला मानला. ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर अखिल भारतीय समितीने ठरावाला मान्यता दिली आणि ९ च्या पहाटे सारे अटकेत. कार्यकारिणीची रवानगी अहमदनगरच्या किल्ल्यात झाली. आझाद, नेहरू, पटेल, कृपलानी, नरेंद्र देव, आणि आपले शंकरराव देव. बहुतेकांची सुटका १९४५ मध्ये झाली. नेहरूंचे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तिथेच लिहिले गेले. आझादांच्या पत्नीचे १९४३ मध्ये कलकत्त्यात निधन झाले. ते मात्र किल्ल्यातच होते. शंका असताना घेतलेल्या निर्णयाची ही किंमत होती.

मंडळी, चांगला अध्यक्ष मिळाला की संस्था चालते, असे आपण सहज म्हणतो. मला तसे वाटत नाही. बैठकीत मोकळेपणाने विरोध करणारे, अगदीच पटले नाही तर राजाजींसारखे सरळ बाजूला होणारे, आणि एकदा ठरले की मग “मी तेव्हाच म्हणालो होतो” असे न म्हणणारे पाच-दहा जण लागतात. आपल्याकडे अध्यक्ष कोण, याची चर्चा महिनाभर चालते. कार्यकारिणीसाठी नावे मागितली की सभागृहात शांतता! येत्या वार्षिक सभेत तरुणांनी त्या यादीत आपली नावे जरूर द्यावीत, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!