अरुणावतीच्या काठी : आर्णी आणि परिसर

(शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



नागपूर-तुळजापूर महामार्गाने माहूरला जाणारे असंख्य भाविक आर्णीत चहापुरते थांबतात आणि पुढे निघून जातात. अरुणावतीच्या काठचे हे गाव त्यांच्या स्मरणातही राहत नाही. त्यांनी येथे घटकाभर विसावावे आणि त्यातून आपल्या परिसराचे हित व्हावे, यासाठी काय करता येईल, याविषयी आज बोलावयाचे आहे.

आर्णीतील बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्यावर हिंदू व मुसलमान दोन्ही समाजांचे भाविक श्रद्धेने येतात. उर्साच्या दिवसांत येथे मोठी यात्रा भरते. येथून पुढे धनोड्याजवळ पैनगंगा ओलांडली की माहूरचा डोंगर लागतो. रेणुकामाता, दत्तशिखर, अनसूयामाता आणि प्राचीन किल्ला हे सारे एका दिवसात पाहून परत येता येते. १९५६ पर्यंत पैनगंगेच्या अलीकडचा वऱ्हाड मध्य प्रदेशात, तर पलीकडचे माहूर हैदराबाद राज्यात होते. भाविकांनी मात्र ही सीमा मनात कधी मानली नाही.

याच पैनगंगेवर, यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांच्या सीमेवर, सहस्रकुंड धबधबा आहे. पावसाळ्यात त्याचे रूप भव्य असते; मात्र तेथील निसरड्या खडकांवर मुलांना उतरू देऊ नये.

पूर्वेकडे पांढरकवडा भागात टिपेश्वर अभयारण्य आहे. सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे हे सागवनी जंगल १९९७ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. २०१९ मध्ये येथील एक तरुण वाघ शेते, नद्या व रस्ते ओलांडीत बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत पोहोचला. गळ्यातील रेडिओ पट्ट्यामुळे त्याची वाट कळली. आपली शिवारे ही वन्यप्राण्यांचीही वाट आहे, हे यावरून ध्यानात येते.

मित्रहो, प्रवासी गावाला चार पैसे देतो, त्याचप्रमाणे कचराही देतो. यात्रा उठल्यावर पत्रावळी, प्लास्टिकच्या पिशव्या आणि निर्माल्य नदीच्या वाट्याला येते आणि पहिल्या पुराबरोबर ते खालच्या गावांच्या काठी जाऊन साचते. म्हणून यात्रेपूर्वीच कचरा, पिण्याचे पाणी व स्वच्छतागृहे यांची व्यवस्था ठरली पाहिजे. अंतरे व रस्ते दाखविणारा फलक, बसण्यास सावली आणि बचत गटाच्या भगिनींनी दिलेली गरम भाकरी व झुणका एवढ्यानेही प्रवासी थांबेल.

शिक्षकांना एक विनंती आहे. सहल दूर न्यावी, परंतु पहिली सहल अरुणावतीच्या काठी न्यावी. ही नदी कोठून येते, दिग्रसजवळील धरणात तिचे पाणी कसे अडते, ते कोणत्या शेतांना मिळते, हे मुलांनी स्वतः विचारून लिहून आणावे. जी नदी मुलांच्या ओळखीची असते, तिच्यात कचरा टाकताना त्यांचा हात आपोआप थांबतो. पाहुण्यांना आपले गाव दाखविण्यापूर्वी ते आपण स्वतः पाहिले पाहिजे, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.