कोयनेचें पाणी आणि पावसाचा अंदाज



मृग नक्षत्र जवळ आलें कीं आमच्या रत्नागिरीकडील गृहिणी आकाशाकडे पाहूं लागतात. आंबापोळी वाळली कीं नाहीं, कोकमें उचललीं कीं नाहींत, लाकूडफांटा पडवींत आला कीं नाहीं, याची त्यांना चिंता असते. त्याच दिवसांत त्याच आकाशाकडे आणखीही एक गृहस्थ तितक्याच काळजीनें पाहत असतो. तो म्हणजे जलविद्युत्केंद्राचा अभियंता. त्याच्या काळजीविषयीं मी आज आपल्याशीं बोलणार आहें.

सह्याद्रीच्या माथ्यापलीकडे, सातारा जिल्ह्यांत, कोयना नदी धरण बांधून अडविलेली आहे. या जलाशयांत सुमारें १०५ अब्ज घनफूट पाणी मावतें. नदीचा स्वाभाविक ओघ पूर्वेकडे, कृष्णेला मिळण्याचा. परंतु मानवानें डोंगर पोखरून तिचें कांहीं पाणी पश्चिमेकडे वळविलें. तें आपल्या जिल्ह्यांत पोफळी-अलोरे परिसरांत उतरवून त्यावर १९६२ सालापासून वीज निर्माण केली जात आहे. येथील यंत्रांची एकूण शक्ति आज १,९०० मेगॅवॅटांहून अधिक आहे.

तथापि कृष्णा पाणीतंटा लवादानें पश्चिमेकडे वळवावयाच्या या पाण्याला वर्षाकाठीं ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातलेली आहे. हिशेबाचें वर्ष १ जूनला सुरू होतें व ३१ मेला संपतें. म्हणजे हा संसार ठराविक वेतनावर चालणाऱ्या गृहस्थासारखा झाला. जलविद्युत्केंद्राचें यंत्र कांहीं मिनिटांत सुरू होतें. म्हणून सायंकाळीं घरोघर एकदम दिवे लागले कीं मदतीला कोयनाच धांवून येते. पण आधीं उधळपट्टी झाली, तर पंखे अहोरात्र फिरूं लागतात त्या एप्रिल-मे महिन्यांत हात आंखडावा लागतो.

खरा पेंच पडतो तो जुलै-ऑगस्टांत. धरण भरूं द्यावें, तर पुढें मुसळधार पाऊस आल्यास पाण्याला जागा कोठून द्यावयाची? दरवाजे उघडावे, तर पाणी कराडवरून सांगलीकडे जाणार. यंत्रें चालवून पश्चिमेस उतरवावें, तर तें वाशिष्ठींतून चिपळुणाकडे जाणार. बरें, आधींच जागा मोकळी करून ठेवावी आणि पाऊस रुसला, तर पुढील उन्हाळ्यांत विजेची ओढाताण. ऑगस्ट २०१९ मध्यें सांगलीनें आणि २२ जुलै २०२१ रोजीं चिपळुणानें महापूर पाहिला. पूर केवळ धरणामुळें येतो असें मी म्हणत नाहीं. चिपळुणास डोंगरावरच्या पावसाचें आणि दाभोळच्या खाडींतून चढणाऱ्या भरतीचेंही भय असतें. परंतु अशा रात्रीं कोणतें यंत्र केव्हां बंद ठेवावयाचें, हा प्रश्न केवळ विजेचा राहत नाहीं. तो नदीकांठच्या माणसांच्या जीविताचा होतो.

त्याचें उत्तर हवामानशास्त्रांतच शोधावें लागतें. हिंदुस्थानच्या हवामान खात्यानें मोसमी पावसाचें पहिलें नियमित भाकीत १८८६ सालीं केलें. १९०४ ते १९२४ या काळांत खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर यांनीं दूरच्या पॅसिफिक महासागरावरील वायुभाराच्या चढउताराचा आमच्या पावसाशीं संबंध असल्याचें दाखविलें. वर्षाचा बेत आंखण्यास असें हंगामाचें भाकीत लागतें. दोन दिवसांवर आलेलें संकट ओळखण्यास उपग्रह, रडार आणि गांवोगांवचीं पर्जन्यमापकें लागतात.

अंदाज म्हणजे वचन नव्हे. तो कधीं चुकणारच. मात्र दोन्ही बाजूंच्या चुकांची किंमत सारखी नसते. उणी पडलेली वीज दुसरीकडून विकत आणतां येते. वाहून गेलेला संसार कोठून आणावयाचा? ज्याच्या हातीं पाणी आहे, त्यानें अंदाज वाचतांना हा भेद विसरतां कामा नये.

पर्जन्यमापकांतील पाणी रोज सकाळीं साडेआठ वाजतां मोजलें जातें. तो निरीक्षक आपल्याला कधीं दिसत नाहीं. पण आज सायंकाळीं दिवा लावतांना क्षणभर त्याची आठवण करावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.