मातृभाषेचा रकाना

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी आम्हांस विषय नेमून दिला तो 'परप्रांतातील मराठी मुलांचे शिक्षण' असा. विषय मोठा, आणि आम्ही पडलो साधे बी. ए.; त्यातही सारी हयात केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतून टिपणे लिहिण्यात गेलेली. तेव्हा शिक्षणशास्त्र शास्त्रज्ञांवर सोपवून आम्ही आज एका शाळेपुरतेच बोलणार आहोत. आमची बदली कलकत्त्यास असताना आमची कन्या ज्या कॅथलिक शाळेच्या प्राथमिक विभागात शिकली, ती ही शाळा. तिचे नाव आम्ही सांगत नाही. पुढे आमच्याच एका लबाडीची कबुली यावयाची आहे आणि तीत शाळेचे नाव गोवणे बरे नव्हे.

साल २००३. शहराचे नाव सरकारी कागदोपत्री कोलकाता झाले होते, आमच्या तोंडी मात्र कलकत्ताच होते व आहे. मुलीला मिशनच्या शाळेत घालण्याचा बेत आम्ही साताऱ्यास कळविला, तेव्हा मातुःश्रींचे उलट टपाली पत्र आले. पोरीच्या गळ्यात क्रूस दिसला तर तुमच्या घरचे पाणी घेणार नाही, असे त्यांनी स्वच्छ लिहिले होते. आम्ही कचेरीत चौकशी केली. तेथील बंगाली सहकाऱ्यांच्या दोन-दोन पिढ्या अशाच शाळांतून शिकून कालीपूजा यथासांग करीत होत्या. आमचे समाधान झाले. मातुःश्रींचे झाले नाही, परंतु बदलीच्या गावी मातुःश्रींचा सल्ला ऐकतो कोण?

प्रवेशाच्या अर्जात 'मातृभाषा' असा एक रकाना होता. ज्यांच्या घरी इंग्रजी बोलले जाते त्यांना प्रवेश लवकर मिळतो, अशी कुजबूज आमच्या कानी आली होती. खरे-खोटे कोणी तपासले नव्हते, आम्हीही तपासले नाही. सौभाग्यवतींच्या समक्ष, त्यांनी नको म्हटले असताना, आम्ही त्या रकान्यात 'इंग्रजी' असे लिहिले.

मुलाखतीच्या दिवशी मुख्याध्यापिकांच्या शेजारी पंचेचाळिशीच्या एक सिस्टर बसल्या होत्या. त्यांनी अर्ज पाहिला, आडनाव पाहिले, मग आमच्याकडे पाहिले आणि शुद्ध मराठीत विचारले, "ही आजीशी इंग्रजीत बोलते का?"

त्या वसईच्या होत्या.

सरकारी नोकरीत आम्ही लेखापरीक्षकांच्या पुष्कळ शंकांना उत्तरे दिली आहेत. या एका शंकेला उत्तर सुचले नाही. सिस्टरांनी अर्ज आमच्यापुढे सरकविला, वर पेन ठेवले आणि त्या म्हणाल्या, "खोडा आणि खरं लिहा. प्रवेश काही त्यावर ठरत नाही." आम्ही 'इंग्रजी' खोडून 'मराठी' लिहिले, आणि खाडाखोडीशेजारी सवयीने आद्याक्षरीही केली. त्यावर मात्र त्यांना हसू आवरले नाही.

मुलीच्या वर्गात चव्वेचाळीस मुली होत्या. निम्म्याहून कमी बंगाली; बाकीच्यांत मारवाडी, बिहारी, मल्याळी, उर्दू बोलणाऱ्या मुसलमान घरांतल्या, दार्जिलिंगकडच्या नेपाळी, काही अँग्लो-इंडियन, आणि टांगरा भागात चामडे कमावण्याचा धंदा करणाऱ्या हक्का चिनी कुटुंबांतल्या दोघी. मराठी ही एकटीच. कॅथलिक म्हणाव्यात अशा मुली जेमतेम आठ. सकाळच्या प्रार्थनेत देवाचे नाव येई, परंतु ते कोणत्या देवाचे हे ऐकणाऱ्याने ठरवावे अशा बेताने. धर्मशिक्षणाच्या तासाला त्या आठजणी निराळ्या खोलीत जात आणि बाकीच्यांना 'मॉरल सायन्स' शिकविले जाई. हा काही शाळेचा उपकार नव्हे. शासनमान्य वा अनुदानप्राप्त शाळेत पालकाच्या संमतीवाचून मुलाला धार्मिक शिक्षण घ्यावयास लावता येत नाही, असे आपल्या राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमात आहेच. परंतु कायदा पाळणे वेगळे आणि मनापासून पाळणे वेगळे, हे आम्हां सरकारी माणसांइतके कोणाला ठाऊक असणार? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांविषयीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला आणि इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते चर्च नाकारीत नाही, अशी भूमिका घेतली. रोममधले हे दस्तऐवज गल्लीतल्या शाळेपर्यंत कितपत झिरपतात याची आम्हांस शंका होती. या शाळेत ते झिरपलेले दिसले.

उपवासकाळाच्या आरंभीच्या बुधवारी वर्गातल्या कॅथलिक मुली कपाळावर राखेचे बोट घेऊन आल्या. आमच्या कन्येने घरी येऊन विचारले, "बाबा, त्यांना पण दृष्ट लागते का?" आजीने लावलेला अंगारा तिला आठवला होता. आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी तिने हाच प्रश्न वर्गात विचारला. तेथे मात्र कोणी हसले नाही. बाईंनी एका कॅथलिक मुलीला उठवून राख का लावतात ते सांगावयास लावले आणि मग आमच्या मुलीला अंगाऱ्याविषयी विचारले. दोघींनाही नीट सांगता आले नाही. तेव्हा, "दोघींनी आपापल्या घरी विचारून या," असा गृहपाठ मिळाला. अंगाऱ्याची उपपत्ती लिहून काढण्यात आमची एक संध्याकाळ गेली. आम्ही जन्मात त्याचा विचार केला नव्हता.

शिकविण्याची तऱ्हाही अशीच होती. दुसरी भाषा बंगाली. ती बाईंनी थोडी आणि शेजारी बसणाऱ्या मुलीने फार शिकविली. सहा महिन्यांत आमची कन्या रस्त्यावरच्या पाट्या वाचू लागली आणि मासळीबाजारात आमची दुभाषी झाली. पाढे मात्र इंग्रजीतले, लयीवाचूनचे. आमच्या लहानपणच्या पावकी-निमकीची सर त्यांना नाही, हे आमचे मत आम्ही आजही सोडलेले नाही.

एक उणे सांगितले पाहिजे. इतक्या जातीधर्मांच्या मुली एका बाकावर बसत खऱ्या. परंतु बाकावर बसण्यासाठी फी भरावी लागे. शाळेच्या फाटकाबाहेर शिसपेन्सिली विकणाऱ्या बाईची पोर फाटकाबाहेरच राही. ही खंत आमची एकट्याची नव्हती. त्याच शहरातल्या एका शाळेने या प्रश्नाला हात घातला होता. १८४१ च्या डिसेंबरात कलकत्त्यास आलेल्या आयरिश लॉरेटो भगिनींची सियालदह येथील शाळा १८५७ सालची. तेथे १९७९ साली मुख्याध्यापिका म्हणून आल्या सिस्टर सिरिल मूनी. त्याही आयरिश, १९५६ पासून भारतात होत्या. त्यांनी गरीब घरच्या मुलींना बिनफी प्रवेश देण्याचा असा काही सपाटा लावला की पुढे सुमारे चौदाशे मुलींपैकी निम्म्या फी न भरणाऱ्या झाल्या. १९८५ पासून फलाटावर आणि पदपथावर राहणाऱ्या मुलींना त्यांनी शाळेतच आणले. दिवसा शिकण्यासाठी आणि रात्री निजण्यासाठीही. या मुलींना 'रेनबो' म्हणत. त्यांना शिकवीत कोण, तर शाळेतल्याच थोरल्या मुली. एकीला एक, आणि तेही वेळापत्रकातल्या कार्यानुभवाच्या तासाला. सिस्टर सिरिल यांना २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२३ मध्ये कलकत्त्यासच त्या निवर्तल्या. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने खाजगी शाळांत दुर्बल घटकांसाठी पंचवीस टक्के जागांची तरतूद केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अल्पसंख्याकांच्या शाळांना त्या कायद्यातून वगळले. ज्या बाईने कायदा होण्यापूर्वीच पन्नास टक्के जागा दिल्या, तिला या सवलतीचा काय उपयोग, असे निकाल वाचताना आमच्या मनात आले.

असो. आमच्या विषयाकडे वळू.

कन्या तिसरीत गेली, तेव्हा वर्गात 'आजीची गोष्ट' असा एक उपक्रम निघाला. प्रत्येकीने आजीने सांगितलेली एक गोष्ट प्रथम आपल्या भाषेत सांगावयाची आणि मग तिचे इंग्रजी करावयाचे. चिनी मुलीने चिनी भाषेत सांगितली, मल्याळी मुलीने मल्याळीत. आमच्या मुलीने हिंदीत सुरुवात केली, मध्येच बंगालीत गेली, आणि थांबली. मराठीतली गोष्ट तिला ठाऊकच नव्हती. घरात आम्ही दोघे मराठी बोलत होतो, परंतु एकमेकांशी. तिच्याशी इंग्रजीत, तिचे इंग्रजी सुधारावे म्हणून. साताऱ्याला दूरध्वनी लागला की ती आजीशी 'हो', 'नाही' आणि 'ठेवते' एवढे तीन शब्द बोले. ज्या रकान्यात आम्ही लबाडीने 'इंग्रजी' लिहिले होते, ती लबाडी आम्ही दोन वर्षांत खरी करून दाखविली होती.

त्या संध्याकाळी वसईच्या सिस्टरांचा निरोप आला. आम्ही भेटीस गेलो. त्या रागावल्या नाहीत. शुक्रवारी शेवटच्या तासानंतर वीस मिनिटे मुलीला घेऊन मराठी वाचीन, एवढेच त्या म्हणाल्या. मात्र पुस्तक तुम्ही द्या. आम्ही सहज विचारले, "आपल्याकडे एखादे मराठी पुस्तक असेलच ना?"

"आहे ना," त्या म्हणाल्या. "पण ते प्रार्थनेचं आहे. ते मी हिच्या हातात देणार नाही. तुम्ही शाळेचं द्या."

आमच्या घरी मराठी पुस्तके दोन कपाटे भरून होती, परंतु तिसरीच्या मुलीने वाचावे असे एकही नव्हते. शेवटी पुण्याच्या मेहुण्यांनी बालभारतीची पहिली-दुसरीची पुस्तके टपालाने पाठविली. ती पुस्तके पुढे दीड वर्ष शाळेच्या व्हरांड्यात, येशूच्या तसबिरीखालच्या बाकावर वाचली गेली.

आपल्यापैकी पुष्कळांना याचे नवल वाटेल. आम्हांसही वाटले, कारण वसई आम्हांस नकाशावरच ठाऊक होती. तेथील कॅथलिक समाज घरी मराठीच्याच बोली बोलतो. चर्चच्या कित्येक शाळांतून तेथे मराठी माध्यमाने शिकविले गेले. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात बसून दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठीत रचले. ते १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. आणि वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, हे तर आपण सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचले आहे. कॅथलिक शाळा म्हणजे इंग्रजी, हे समीकरण आपण घातलेले आहे. खुद्द कलकत्त्यात मदर तेरेसा आपले कार्य सुरू करण्यापूर्वी एंटालीच्या ज्या सेंट मेरीज शाळेत शिकवीत, ती बंगाली माध्यमाची होती.

२००६ च्या जानेवारीत मातुःश्री प्रथमच कलकत्त्यास आल्या. नातीने त्यांना बालभारतीतला एक धडा वाचून दाखविला, अडखळत, परंतु मराठीत. मातुःश्रींनी तो दोनदा वाचावयास लावला. संक्रांतीला त्या हट्टाने शाळेत गेल्या आणि त्यांनी सिस्टरांच्या हातावर तिळगूळ ठेवला. सिस्टरांनी वाकून नमस्कार केला. घरी परतल्यावर मातुःश्री बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "बाई आपल्या बाजूची आहे. सांगितलं का नाहीस आधी?"

पुढे आमची बदली झाली, सिस्टरांचीही झाली. त्यांचे आणि आमचे एवढे एक साम्य होते.

बंधुभगिनींनो, घटनेचे तिसावे कलम अल्पसंख्याकांना आपल्या शाळा चालविण्याचा हक्क देते. तो धर्माने अल्पसंख्य असणाऱ्यांना आहे, तसाच भाषेने अल्पसंख्य असणाऱ्यांनाही आहे. महाराष्ट्राबाहेर आपण या दुसऱ्या वर्गात येतो. दिल्लीला पहाडगंजात नूतन मराठी शाळा उभी राहिली ती मराठी माणसांच्याच खटपटीने. आपल्या मंडळाची ऐपत तेवढी नाही, हे खजिनदारांकडे न पाहताही आम्हांस समजते. म्हणून आपण रविवारचा वर्ग चालवितो. गेल्या रविवारी अकरा मुले होती. त्यांपैकी सातजण येथल्याच दोन मिशनशाळांतली. त्यांच्या शाळेचे अर्ज आम्ही पाहिलेले नाहीत, व पाहणारही नाही. वर्ग सभागृहामागच्या खोलीत सकाळी दहाला भरतो. पहिली ते चौथीची पुस्तके कपाटात आहेत. फळा आहे. खडू मात्र येताना आणावेत.