वेढा म्हणजे बसणं



इंग्रजीत 'बिसीज' असं एक क्रियापद आहे. कोशात त्याचा अर्थ सापडतो: चहूबाजूंनी घेरणं आणि हल्ला करणं. यातलं 'आणि' मोठं फसवं आहे. ऐकणाऱ्याला वाटावं, फौज आली, किल्ल्याभोवती उभी राहिली आणि दिवस मावळायच्या आत तटावर चढली. प्रत्यक्षात घेरणं आणि हल्ला यांच्यामध्ये महिने जातात, क्वचित वर्षंही जातात. माझं आजचं बोलणं त्या मधल्या काळाबद्दल आहे.

'बिसीज'मधला हा 'सीज' जुन्या फ्रेंचमधून आला. तिथं त्याचा अर्थ बसायची जागा, आसन. आपल्या 'सदन' आणि 'संसद' या शब्दांतला 'सद्' धातू याच कुळातला. 'बिलीगर' हा त्याचा भाईबंद इंग्रजांनी डचांकडून उचलला. त्याच्या मुळाशी आहे छावणी. तिसरा शब्द ऐकून तुम्हाला नवल वाटेल: 'इन्व्हेस्ट'. आज तो म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत राहतो, पण लष्करी भाषेत किल्ला 'इन्व्हेस्ट' करणं म्हणजे त्याच्या सगळ्या वाटा रोखून धरणं. तटावर चढाई करायची वेळ आली की इंग्रजीला 'स्टॉर्म', 'असॉल्ट' असे वेगळे शब्द काढावे लागतात.

आपल्या बखरकारांच्या लेखणीला हे सगळे टप्पे ठाऊक होते. आधी वेढा घालायचा, मोर्चे लावायचे, नाकेबंदी करायची, रसद मारायची, सुरुंग खणायचे. एवढं करूनही भागलं नाही तर शेवटी सुलतानढवा, म्हणजे सगळ्या फौजेनिशी एकदम चढाई. सुलतानढव्याची वर्णनं आपण चवीनं वाचतो. रसदेचा हिशेब कोण वाचतो?

म्हणून आज जिंजीकडे जाऊ. पन्हाळ्याचा वेढा घरोघरी माहीत आहे. जिंजीचा त्याहून कितीतरी लांबला, पण आपल्या शालेय इतिहासात तो दोन-चार ओळींत उरकतो.

जिंजी आजच्या तामिळनाडूत, विळुप्पुरम जिल्ह्यात. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग अशा तीन डोंगरांना तटानं जोडून केलेला हा त्रिकोणी पसारा. शिवाजी महाराजांनी तो १६७७ मध्ये घेतला. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर, १६८९ च्या अखेरीस, राजाराम महाराज वेश पालटून तिथं पोहोचले आणि मराठ्यांची राजधानी जिंजीला गेली. त्याच सुमारास रायगड घेणाऱ्या इतिकाद खानाला मोगल बादशहानं 'झुल्फिकार खान' हा किताब दिला. हाच खान १६९० च्या सप्टेंबरात जिंजीसमोर येऊन बसला.

पहिली अडचण निव्वळ भूमितीची. तीन डोंगर आणि त्यांना जोडणारा तट एवढ्या पसाऱ्याला सगळीकडून फास लावायचा तर माणूसबळ किती लागेल! सुरुवातीला तरी खानाला तो फास आवळता आला नाही. किल्ल्यात धान्य जात होतं, माणसंही ये-जा करत होती.

पैशाची चणचण मात्र आत होतीच. वेढा पडत होता त्या सुमारास जिंजीच्या दरबारानं कडलूरजवळचा देवनामपट्टणमचा किल्ला इंग्रजांच्या कंपनीला विकला. पुढे हाच 'फोर्ट सेंट डेव्हिड'. या सौद्यातली एक अट फार मजेदार आहे. किल्ल्यासोबत किती जमीन द्यायची? तर किल्ल्यावरून तोफ डागावी आणि गोळा जिथवर जाईल तिथवरची. साहेबानं आखूड पल्ल्याची तोफ निवडली नसणार, हे सांगायला नको. त्या हद्दीत आलेल्या गावांना पुढे तोफगोळ्याची गावं असंच म्हणत.

खानाची दुसरी अडचण पोटाची. वेढा घालणारी फौज म्हणजे एक शहरच. घोडे, हत्ती, बैल, बाजारबुणगे, सगळ्यांना रोज खायला लागतं. आसपासचा मुलूख थोड्याच दिवसांत फस्त होतो. मग लांबून बैलांच्या पाठीवर धान्य येतं, आणि तो रस्ता तोडला की वेढा घालणाराच कोंडला जातो. १६९२ च्या अखेरीस संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी नेमकं हेच केलं. किल्ल्याच्या मदतीला तटाशी येऊन लढण्यापेक्षा त्यांनी खानाच्या पाठीमागच्या वाटा धरल्या. कांचीचा फौजदार अली मर्दान खान संताजीच्या हाती सापडला आणि खंडणी भरून सुटला. मोगली छावणीत धान्य येईना, आणि बातम्याही येईनात.

माझ्या मते त्या छावणीला उपाशी पोटापेक्षा बातम्यांचा दुष्काळ जास्त नडला. बादशहा वारला अशी आवई उठली. त्याचा मुलगा कामबक्ष छावणीतच होता. त्यानं राजारामांशी गुपचूप बोलणी लावली. वजीर असद खान, म्हणजे झुल्फिकारचा बाप, तोही तिथंच. बापलेकांनी शहजाद्यालाच कैद केलं. ज्यांनी किल्ला कोंडायचा ते एकमेकांवर पहारे ठेवू लागले. १६९३ च्या जानेवारीत खानानं जड तोफा मागे टाकल्या आणि वांदिवाशकडे माघार घेतली. वेढा उठला.

तो पुढे पुन्हा पडला. खान मध्येच तंजावरकडे खंडणी वसूल करायला जाई, परत येऊन बसे. झुल्फिकारला किल्ला खरंच घ्यायचा होता का, हा संशय त्याच्या काळातच घेतला गेला. म्हातारा बादशहा आज ना उद्या जाईल, तोवर दक्षिणेत आपलं बस्तान बसवावं, असा त्याचा हिशेब असल्याचं लोक बोलत. मला तो संशय अगदीच निराधार वाटत नाही. १६९८ च्या सुरुवातीला जिंजी पडली, तेव्हा राजाराम महाराज वेल्लोरच्या वाटेनं केव्हाच निसटले होते. त्यासाठी त्यांच्या पदरच्या खंडो बल्लाळांनी आपलं दाभोळचं वतन मोगलांकडच्या शिर्क्यांना देऊ केलं, असं बखरी सांगतात. आठेक वर्षांच्या खर्चानंतर बादशहाच्या हाती आलेल्या गडावर राजा नव्हता.

जाता जाता, वेढ्याच्याच कुळातला एक शब्द इंग्रजीनं आपल्याकडून घेतला आहे: 'घेराव'. १९६७ मध्ये पश्चिम बंगालात संयुक्त आघाडीचं सरकार आलं आणि कारखान्यांतल्या मॅनेजरांना कामगार घेरून बसू लागले. मजूरमंत्री सुबोध बॅनर्जी यांना वर्तमानपत्रं 'घेराव मंत्री' म्हणू लागली, कारण मंत्र्यांना विचारल्याशिवाय पोलिसांनी मध्ये पडू नये अशी परिपत्रकं निघाली होती. घेरावात कुणी हात उगारलाच पाहिजे असं नव्हतं. दार अडवायचं, फोन तोडायचा, चहा-पाणी आत जाऊ द्यायचं नाही. मॅनेजरनं सही करेपर्यंत कामगार दाराशी बसून. त्याच वर्षी कलकत्ता उच्च न्यायालयानं ती परिपत्रकं रद्द केली. माणसाला असं अडकवून ठेवणं हा दंड संहितेप्रमाणे गुन्हाच आहे, मग ते पगारवाढीसाठी का असेना, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.