गिलाव्याआधी भिंत बघा

सोयाबीनचे पैसे हातात आले, दिवाळी सरली, की घरोघरी एक विषय निघतो: यंदा आतून गिलावा करून घ्यायचा. कुणी साठवलेले पैसे काढते, कुणी बचत गटातून कर्ज घेते. आज त्याबद्दलच बोलू.

पहिली गोष्ट लक्षात ठेवायची: गिलावा भिंतीला झाकतो, धरून ठेवत नाही.

आपल्या लातूरकरांना हे वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. सरकारी नोंदीप्रमाणे जवळजवळ ८ हजार माणसं गेली, बहुतेक झोपेतच. भिंती दोन-तीन फूट रुंद होत्या, सारवलेल्या, चुना दिलेल्या होत्या. पण आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे दगडगोटे आणि माती. दोन्ही थरांना बांधणारा आडवा दगड नव्हता. वर धाब्यावर वर्षानुवर्षं टाकलेल्या पांढऱ्या मातीचं ओझं. हादरा बसला तशा भिंती फुटल्या आणि माळवद खाली आलं.

पुढे घरदुरुस्तीच्या कामात गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. कोणती भिंत कशी बळकट करायची, हे त्यांनी घरोघरी समजावलं. तेव्हा भिंत बघणं हे गवंड्याचंच काम, असं मानू नका. घरात दिवसभर आपणच असतो.

बघायचं कसं? भांड्यांची मांडणी, फोटो, कॅलेंडर सगळं उतरवा. दोरीला दगड बांधून वरून सोडा. भिंत मधेच दोरीला टेकत असेल, तर तिला पोट आलंय. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करा, तारीख लिहा. महिन्याभरात भेग खुणेच्या पुढे गेली, तर त्यावर गिलावा करू नका, आधी जाणकाराला दाखवा. ओल असेल तर ती कुठून येते ते शोधा: धाब्याची गळती, मोरीचं पाणी, की बाहेर भिंतीला लागलेला मातीचा ढीग? ओल तशीच राहिली, तर नव्या गिलाव्याचेही पोपडे निघणार.

घर जुनं, दगड-मातीचं असेल, तर आधी आडवे जोडदगड बसवून घ्या आणि धाब्यावरची जादा माती उतरवा. हे काम जाणकार मिस्त्रीच्या देखरेखीखालीच करायचं. मग आतून मातीचा किंवा चुन्याचा गिलावा करा. सिमेंटचा गिलावा अशा भिंतीतली ओल कोंडून ठेवतो आणि पुढे खपल्यांनी सुटतो. माती पांढरी घ्या. शेतातली काळी माती वाळली की आकसते, भेगाळते. मातीत भुसा घालून चार-सहा दिवस भिजवा, पायाने तुडवा, मगच लावा.

घर विटांचं, स्लॅबचं असेल, तर आधी छत, मग भिंती. छताचा गिलावा पातळ असावा, सहा मिलिमीटरच्या आसपास. जाड थर वजनाने सुटतो. स्लॅब गुळगुळीत असेल, तर छिन्नीने टोचे मारून घ्या. स्लॅबमधले गज गंजून उघडे पडले असतील, तर आधी गजांची दुरुस्ती. नुसतं वरून लिंपलं, तर तो तुकडा उद्या पाळण्यावर पडेल.

आतल्या भिंतीला एक भाग सिमेंट, सहा भाग चाळलेली वाळू, आणि बारा मिलिमीटर जाडी पुरते. भिंत आधी भिजवा. कालवलेला माल अर्ध्या तासात संपवा. घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी घालून लावू देऊ नका. कॉलम आणि विटांच्या सांध्यावर जाळी मारायला सांगा, नाहीतर तिथेच भेग पडते.

सिमेंटच्या गिलाव्यावर निदान सात दिवस पाणी मारावं लागतं. मजुरी दिली आणि पाणी मारलं नाही, तर नखाने खरवडलं तरी भुगा पडतो. आणि हे पाणी डोक्यावरून आणायचं कुणी? आपणच. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. म्हणून गिलाव्याचं काम उन्हाळ्यावर ढकलू नका. विहिरी-बोअरला पाणी असताना, हिवाळ्यातच उरका.

शेवटी गटांना एक विनंती. गिलाव्यासाठी कर्जाचा अर्ज आला, की मंजुरीआधी दोघी-तिघींनी त्या घरी जाऊन भिंत बघून या. भिंतीला पोट असेल, छत गळत असेल, तर त्या ताईला सांगा, “ताई, कर्ज देऊ, पण आधी भिंतीसाठी. रंग-गिलावा पुढच्या वर्षी.” ती थोडी नाराज होईल. पण त्या भिंतीखाली तिची लेकरं झोपतात.