वडा आणि वदंता
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून बोलावयाचे तर विषयही त्या तोलाचा असावा, या हेतूने आमच्या चिटणीसांनी आम्हांस तीन विषय सुचविले होते. पहिला 'बृहन्महाराष्ट्रातील मराठीचे भवितव्य', दुसरा 'संतवाङ्मय आणि राष्ट्रीय एकात्मता' आणि तिसरा 'मंडळाची पन्नास वर्षे : एक सिंहावलोकन'. पहिल्या दोहोंसाठी अधिकारी व्यक्ती हवी. आम्ही साधे बी. ए.; त्यातून अठ्ठावीस वर्षे केंद्र सरकारच्या फायलींवर शेरे मारण्यात गेलेली. म्हणून तिसरा विषय पत्करला आणि मंडळाच्या इतिवृत्ताच्या वह्या घरी नेल्या.

वह्या वाचून मन भरून आले आणि काहीसे खट्टूही झाले. वर्गणीत वाढ करण्याचा ठराव आहे, सतरंज्या खरेदीचा आहे, हार्मोनियमच्या दुरुस्तीवर झालेली प्रदीर्घ चर्चा आहे. सर्व काही 'सर्वानुमते संमत' आहे. परंतु ज्या एका गोष्टीसाठी आपण सारे पावसापाण्यातून, ट्राम-बस बदलीत, कलकत्त्याच्या चार कोपऱ्यांतून येथे येत राहिलो, तिचा एका ओळीनेही उल्लेख नाही. ती गोष्ट म्हणजे नाटकाचे मध्यंतर. त्या पंधरा मिनिटांत आपण एका हातात बटाटेवडा धरतो आणि मोकळ्या तोंडाने नटनट्यांच्या भानगडींची चर्चा करतो. इतिवृत्तात राहून गेलेल्या या दोन बाबींची नोंद आज आम्ही करणार आहोत.

प्रथम वड्याविषयी. आपण त्याला मराठी माणसाचे कुलदैवत मानतो. पण त्याची कुळकथा पाहिली तर वडा तेवढा आपला, बटाटा परका. बटाटा आणि मिरची ही दोन्ही अमेरिका खंडातली. पोर्तुगिजांच्या वाटेने ती आपल्याकडे पोहोचली. 'बटाटा' हा शब्दही आपण त्यांच्याकडून घेतला. येथे आणि उत्तरेत त्याला 'आलू' म्हणतात. हरभऱ्याचे पीठ, हळद, आले एवढे आपले घरचे. बाहेरून आलेला, नाव न बदलता राहिलेला आणि आपल्या पिठाची शाल पांघरून घरचाच झालेला हा पाहुणा आहे. बंगालमध्ये राहिलेल्या आपणा मराठी मंडळींना त्याचा लळा लागला यात नवल ते काय?

त्याचे चुलत भाऊही ठिकठिकाणी भेटतात. मद्रासकडे तो बोंडा होतो. येथे तो चपटा होऊन 'आलूर चॉप' या नावाने तेलेभाजाच्या दुकानात बसतो. भाजलेल्या मसाल्याची पूड, कधी शेंगदाणे, कधी खोबऱ्याचे काप, वर काळे मीठ आणि सोबतीला मूठभर मुडी, म्हणजे आपले चुरमुरे. आम्ही 1996 साली बदलीवर येथे आलो तेव्हा पहिले सहा महिने या चॉपला नावे ठेवण्यात घालविले. त्यात लसूण नाही, फोडणी नाही, हिरव्या मिरचीचा ठसका नाही, असे आमचे आक्षेप होते. पुढे एका आषाढसरीत कार्यालयाच्या दाराशी अडकून पडलो असता, कागदाच्या पुडीतून मुडीबरोबर तो खाल्ला आणि आमचे सर्व आक्षेप आम्ही स्वतःच निकालात काढले.

या शहराच्या खाद्यकोशाने नवागत मराठी माणसाची फजिती मात्र पुष्कळ केली आहे. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी संकष्टीच्या दिवशी दुकानात 'शिंगाडा' अशी हाक ऐकली आणि उपासाची सोय झाली म्हणून हर्षाने दोन मागविले. हाती आले मैद्याचे समोसे, आत बटाटा आणि हिवाळा असल्यामुळे फुलकोबीही! उपास मोडला, पण गृहस्थ म्हणतात की, मोडण्याच्या लायकीचा मोडला.

आणखी एक मत आज जाहीरपणे मांडून ठेवतो; त्यासाठी आमचे सभासदत्व रद्द झाले तरी चालेल. झालमुडीपेक्षा भेळ श्रेष्ठ, कारण कच्च्या मोहरीच्या तेलाशी आमच्या नाकाची अद्याप पुरती ओळख झालेली नाही. परंतु पुचक्यापुढे मुंबईच्या पाणीपुरीने खाली मान घालावी. मुंबईवाला पुरीत रगडा घालतो, मूग घालतो, गोड चटणी घालतो आणि मग पाण्यासाठी जागा शोधतो. येथील पुचकावाला बटाटा आपल्यादेखत कुस्करतो, चिंचेचे पाणी देतो आणि गोडाच्या भानगडीत पडत नाही. वडापावाबद्दल विचाराल, तर 1966 च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी तो प्रथम विकला असे सांगितले जाते. त्यांचे उपकार थोर आहेत. पण तो रस्त्याचा, धावत्या माणसाचा घास. नाट्यगृहात वडा सडाच हवा, कारण तेथे माणूस थांबलेला असतो आणि थांबलेल्या माणसाला बोलावयाचे असते.

येथे आम्ही वदंतेकडे वळतो. वडा आणि वदंता यांचा संबंध आम्ही ओढूनताणून जोडलेला नाही. दादासाहेब फाळके यांना 'राजा हरिश्चंद्र' काढताना तारामतीच्या कामासाठी स्त्री मिळेना. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारे नाजूक बांध्याचे अण्णा साळुंके त्यांच्या दृष्टीस पडले आणि 3 मे 1913 रोजी हे मराठी तरुण तारामती होऊन प्रेक्षकांसमोर आले. पुढे 1917 च्या 'लंकादहना'त राम तेच आणि सीताही तेच! म्हणजे आपल्या चित्रसृष्टीची पहिली नायिका थेट उपाहारगृहातूनच आली.

नटांविषयी बोलण्याची हौस त्याहून जुनी. 8 जुलै 1921 रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी 'संयुक्त मानापमान' केले. त्या रात्री कोण वरचढ ठरले याचा निकाल मराठी घरांत अजून लागावयाचा आहे. तिकिटासाठी शंभर-शंभर रुपये मोजणारे रसिक त्या काळी निघाले. त्याच बालगंधर्वांच्या उतारवयात गोहरबाईंच्या संदर्भात याच रसिकांच्या जिभा किती तिखट झाल्या, हेही आपण जाणतो. डोक्यावर घेणारे आणि बोल लावणारे लोक निराळे नव्हते. पुढे 1935 साली 'फिल्मइंडिया' सुरू करणारे बाबूराव पटेल आपले मराठीच. वाचकांच्या प्रश्नांना त्यांनी दिलेल्या खोचक उत्तरांसाठी लोक तो अंक घेत. 'स्टारडस्ट' 1971 मध्ये निघाले, त्याच्या पहिल्या संपादिका शोभा डे याही जन्माने राजाध्यक्ष. महाराष्ट्राने देशाला समाजसुधारक दिले, क्रांतिकारक दिले. चित्रपटविषयक कुजबुजीच्या क्षेत्रातही आपण मागे राहिलो नाही, एवढेच नम्रपणे नमूद करतो.

बंगाल या बाबतीत आपला सख्खा शेजारी. येथे त्याला 'अड्डा' म्हणतात. आम्ही नव्यानेच घरी पत्र लिहिले की, 'संध्याकाळी शेजाऱ्यांबरोबर अड्ड्यावर जातो'. त्यावर तीर्थरूपांचे चिंतातुर उत्तर उलट टपाली आले. मराठीत अड्डा जुगाराचा नाहीतर दारूचा. येथे तो केवळ चहाचा आणि शब्दांचा. त्या अड्ड्यावर आम्ही उत्तमकुमार-सुचित्रा सेन यांची कथा ऐकली. 1953 च्या 'साडे चुयात्तर'पासून ही जोडी बंगाली मनावर राज्य करीत आली. सुचित्राबाईंनी 1978 नंतर चित्रपट सोडला आणि 2014 साली निधन होईपर्यंत त्या लोकांपासून दूरच राहिल्या. का, ते त्यांनी सांगितले नाही. पस्तीस वर्षे हे शहर त्याची कारणे शोधीत राहिले. जितकी तोंडे तितकी कारणे. त्या मौनाचा अर्थ आम्हांस फार उशिरा कळला, तो कसा, ते आता सांगतो.

आपल्या भाषेत एक छोटासा शब्द आहे, 'म्हणे'. 'त्यांचे जमत नाही म्हणे.' 'तिने काम सोडले म्हणे.' सरकारी पत्रव्यवहारात आम्ही 'असे समजते' लिहितो, तोच हा प्रकार. बातमी द्यावयाची आणि तिचे उत्तरदायित्व मात्र स्वीकारावयाचे नाही, ही सोय या दोन अक्षरांत आहे.

सुमारे बारा वर्षांपूर्वी आपल्या मंडळाच्या नाटकांतून प्रमुख भूमिका करणाऱ्या एका बाईंनी तालमीच्या ऐन भरात काम सोडले. जुन्या सभासदांना त्यांचे काम आठवत असेल. त्या वर्षीच्या प्रयोगाच्या मध्यंतरात, वड्याचा दुसरा घास घेता घेता, आम्ही चारचौघांत म्हणालो, 'दिग्दर्शकाशी बिनसले म्हणे. घरातही काही ठीक नाही म्हणे.' यांतील पहिले वाक्य आम्ही ऐकले होते. दुसरे आमच्याच तोंडून प्रथम निघाले. लोक हसले, आम्हांस बरे वाटले. तिसरी घंटा झाली आणि आम्ही हात पुसून आत जाऊन बसलो.

त्यानंतर बाई मंडळात आल्या नाहीत. त्यांचे यजमान आले नाहीत, मुले गणेशोत्सवाला आली नाहीत. चार वर्षांनी एका समाईक स्नेह्याकडून खरे कारण कळले. बाईंना ऐकू येईनासे झाले होते. समोरच्या नटाचे वाक्य कानी पडेना, विंगेतून सांगितलेले कळेना. ते चारचौघांत सांगण्याचा त्यांना संकोच वाटला, म्हणून त्या मुकाट्याने दूर झाल्या. आमचे मध्यंतरातले बोलणे मात्र बरोबर त्यांच्यापर्यंत पोहोचले होते. ऐकू न येणाऱ्या माणसालाही निंदा कशी ऐकू जाते, याचे उत्तर आमच्यापाशी नाही.

आम्ही त्यांच्या घरी गेलो. दार त्यांनीच उघडले. मनाशी घोकून नेलेली क्षमायाचना आम्ही हलक्या आवाजात सुरू केली. बाई म्हणाल्या, 'अहो, मोठ्याने बोला, ऐकू येत नाही.' पुन्हा सुरुवात केली. 'आणखी मोठ्याने.' शेवटी, 'मी तुमच्याबद्दल खोटे बोललो', हे वाक्य आम्हांस अक्षरशः ओरडून म्हणावे लागले. समोरच्या बिऱ्हाडाचे दार उघडले, जिन्यावरून जाणारे एक गृहस्थ थांबले. 'म्हणे' या शब्दाची सोय तेथे नव्हती. प्रथमपुरुषी, कर्तरी प्रयोगात, तीन मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आम्ही आमचा अपराध कबूल केला. बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, 'आता ऐकू आले. बसा, चहा करते.'

सत्यजित राय यांचा 'नायक' हा 1966 चा चित्रपट आम्ही त्यानंतर पुन्हा पाहिला. दिल्लीस निघालेल्या आगगाडीच्या भोजनयानात एक तरुण संपादिका प्रसिद्ध नटाला बोलते करते. त्याची दुखरी बाजू तिच्या टिपणवहीत उतरते. असे गुपित हाती लागणे म्हणजे मासिकाची चांदी. परंतु अखेरीस ती आपली टिपणे त्याच्यादेखत फाडून टाकते. पूर्वी आम्हांस हा शेवट भाबडा वाटे. आता वाटते, ऐकणे आणि सांगणे यांमध्ये एवढा एकच थांबा असतो. तेथे उतरता आले पाहिजे.

मग वदंता बंद करावी काय? आमचे तसे म्हणणे नाही. आपली मुले शाळेत इंग्रजी बोलतात, खेळताना बंगाली बोलतात आणि 'माझे नाव अमुक, मी तमुक इयत्तेत शिकतो', एवढे मराठी पाहुण्यांपुढे म्हणून दाखवितात. ते पाठ केलेले मराठी आहे. परंतु परवा गॅलरीतून आमच्या कन्येचे आणि तिच्या मैत्रिणीचे बोलणे कानी आले, 'अगं, कुणाला सांगू नकोस हं,' आणि पुढे एका नटाच्या लग्नाविषयी अस्सल, घरंदाज, मुरलेले मराठी! भाषेच्या भवितव्याविषयी आम्ही त्या दिवसापासून निर्धास्त आहोत. फाइल इंग्रजीत चालते, बाजारहाट बंगालीत होतो. कुजबुज मात्र मायबोलीतच रंगते.

म्हणून कार्यकारिणीपुढे आलेल्या एका प्रस्तावास आमचा सविनय विरोध आहे. सभागृहाचे भाडे तासावर आकारले जाते, या कारणास्तव यापुढे मध्यंतर गाळावे आणि प्रयोगानंतर सर्वांच्या हाती बंद खोके देऊन निरोप द्यावा, असे सुचविण्यात आले आहे. हिशेबाच्या दृष्टीने प्रस्ताव निर्दोष आहे. परंतु खोक्यातील गार वडा माणूस घरी जाऊन एकटा खातो. पंधरा मिनिटांचे भाडे आम्ही वर्गणी काढून भरू; वडा कढईतून काढून ताटलीत मिळावा आणि तो समोरासमोर उभे राहून खाल्ला जावा. बोलणाऱ्यांसाठी एकच नियम असावा. पडद्यावरील माणसाविषयीही सांभाळून बोलावे. पण आपल्यातील कोणी दिसेनासे झाले, तर त्याच्याविषयी बोलण्याआधी त्याच्या घरची घंटा वाजवावी.

या भाषणाचा मसुदा आम्ही त्या बाईंना आधी वाचावयास दिला होता. त्यांच्या संमतीवाचून तो येथे वाचला नसता. त्यांनी केवळ एका जागी पेन्सिलीने खूण केली. आमच्या मसुद्यात, मंडळाच्या वड्याबरोबरची चटणी पूर्वीइतकी झणझणीत राहिली नाही, असे एक वाक्य होते. समासात त्यांनी लिहिले आहे, 'ती चटणी मी करीत असे. लसूण आधी परतावा लागतो. कोणी विचारलेच नाही.'

ते वाक्य आम्ही काढून टाकले आहे आणि कृती लिहून घेतली आहे. आज मध्यंतरात आपणांस मिळणारी चटणी त्या कृतीची आहे. बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत. आमचे भाषण त्यांना कितपत ऐकू आले असेल ते सांगता येत नाही, म्हणून लेखी प्रत त्यांच्या हाती आहे.

घंटा झालीच आहे आणि वडे गार होत आहेत.