हार्पसिकॉर्डचे गाणे, पियानोचा गळा

कलकत्त्याच्या उत्तरेस सुमारे पंधरा मैलांवर, हुगळीच्या पूर्व तीरावर, बराकपूर वसले आहे. मराठी माणसाला हे नाव परिचयाचे आहे ते मंगल पांडे यांच्यामुळे. १८५७ च्या मार्च महिन्यात तेथील छावणीत त्यांनी झाडलेल्या गोळीचा इतिहास शाळेतच वाचावयास मिळतो. परंतु त्याआधी अर्धशतक हेच बराकपूर कंपनी सरकारच्या गव्हर्नर जनरलांचे विश्रांतिस्थान झाले होते. लॉर्ड वेलस्ली यांनी तेथे प्रशस्त उद्यान आखले आणि कलकत्त्याच्या उकाड्याला कंटाळलेली बडी मंडळी नावेतून तेथे जाऊ लागली. समोरच्या तीरावर श्रीरामपूर. तेथल्या छापखान्यातून विल्यम कॅरे यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठीचा कोश प्रसिद्ध केला. वैजनाथ पंडितांचे साहाय्य त्यांना लाभले होते. आपल्या बोलीला परक्या व्याकरणाच्या चौकटीत बसविण्याचा तो उद्योग होता. त्यात काय निसटले आणि काय हाती लागले, याची चर्चा भाषापंडित आजही करतात.

असाच एक उद्योग त्याच परिसरात, कॅरे यांच्याही आधी, संगीताच्या बाबतीत झाला होता. १७८९ साली कलकत्त्यात विल्यम हॅमिल्टन बर्ड नावाच्या गृहस्थाने ‘ओरिएंटल मिसलेनी’ हा ग्रंथ छापून घेतला. रेख्ता, तराणा, टप्पा, रागिणी अशा प्रकारांतील हिंदुस्थानी गीते त्याने हार्पसिकॉर्ड या विलायती वाद्यासाठी उतरवून घेतली. ग्रंथ वॉरन हेस्टिंग्ज यांना अर्पण केलेला आहे. या गीतांना ठराविक कालमापात बसविताना आपणांस अतोनात कष्ट पडले, अशी तक्रार बर्डने प्रस्तावनेत केली आहे. तालाचे एवढे सूक्ष्म शास्त्र ज्या देशात नांदते, त्या देशाच्या गाण्याला काळाचे भान नाही असे त्याला वाटावे, ही गोष्ट वाचून हसू येते. पण रागावण्याचे कारण नाही. ज्याच्या हाती जे वाद्य असते, त्याला त्या वाद्याच्या मापानेच जग ऐकू येते.

त्या काळी कलकत्त्याच्या इंग्रजी दिवाणखान्यांत हार्पसिकॉर्ड आणि नवा पियानो ही दोन्ही वाद्ये होती. लंडनहून ती जहाजाने येत आणि महिनोन्महिने समुद्राची हवा खात. येथे उतरल्यावर बंगालच्या दमटपणाने त्यांचे लाकूड फुगे, तारा उतरत, पिसांची टोके मऊ पडत. अशा रीतीने एक वाद्य मावळत असताना आणि दुसरे उगवत असताना दोघांची गाठ हुगळीच्या काठी पडली. लंडनच्या ब्रॉडवुड कारखान्याने आपले अखेरचे हार्पसिकॉर्ड १७९३ साली तयार केले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे जुने संगीत नव्याच वाद्यावर वाजत राहिले आणि तेथूनच वादाला तोंड फुटले. बाख, हँडेल, स्कार्लाटी, कूपराँ यांच्या रचना पियानोवर वाजवाव्यात काय आणि वाजवाव्यात तर कशा, हा तो वाद.

दोन्ही वाद्यांना पट्ट्या असतात. म्हणून दुरून ती भावंडे वाटतात. वस्तुतः त्यांचा स्वभाव अगदी निराळा आहे. हार्पसिकॉर्डची पट्टी दाबली की पिसाचे टोक तार छेडते, म्हणजे सतारीवरच्या नखीचेच काम होते. बोट हळू टेकवा की जोराने आपटा, आवाजाच्या लहानमोठेपणात जवळजवळ फरक पडत नाही. तो पाडावयाचा तर दुसऱ्या पट्टीमालेवर जावे लागते किंवा तारांचा आणखी एक संच जोडून घ्यावा लागतो. पियानोत नमद्याने मढविलेली हातोडी तारेवर पडते आणि बोटाच्या वजनाप्रमाणे स्वर कुजबुजतो किंवा गर्जतो. पायाखालचे पेडल दाबले की उमटलेले स्वर विझत नाहीत, एकमेकांत मिसळत राहतात. मंद्रातल्या जाड तारांचा घुमारा तर असा की, तीन स्वरावली एकाच वेळी चालत असतील तर खालची वरच्या दोघींना गिळून टाकते. बाखचे बरेचसे संगीत अशा एकाच वेळी चालणाऱ्या, तरीही स्वतंत्र स्वरावलींनीच विणलेले आहे. तेव्हा पियानोचे ऐश्वर्यच येथे आड येते.

एका पक्षाचे म्हणणे सरळ आहे. जे वाद्य रचनाकाराच्या कानात होते, त्याच वाद्यावर त्याची रचना शोभते. या पक्षाच्या अध्वर्यू म्हणजे पोलंडमध्ये जन्मलेल्या वांडा लांडोव्स्का. विसाव्या शतकाच्या आरंभी हार्पसिकॉर्डला त्यांनी पुन्हा व्यासपीठावर आणले आणि बाखच्या ‘गोल्डबर्ग’ रूपमालेचे १९३३ साली ध्वनिमुद्रण केले. गंमत अशी की, त्यांचे वाद्य पॅरिसच्या प्लेयेल कारखान्यात आधुनिक पियानोच्या धर्तीवर, लोखंडी चौकटीचे बनविलेले होते. बाखने असले वाद्य कधी पाहिलेही नव्हते. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्याच्या हातीही शेवटी आपल्या काळाचेच साधन असते!

दुसऱ्या पक्षाची भूमिका उलट आहे. बाखला पियानो मिळाला असता तर त्याने तो आनंदाने वाजविला असता, असे ते म्हणतात. हे निव्वळ अनुमान नव्हे. गॉटफ्रीड सिल्बरमान याने केलेले आरंभीचे पियानो बाखने वाजवून पाहिले होते. त्यांचा नाद त्याला आवडला, परंतु वरच्या सप्तकातील दुबळेपणाला आणि जड पट्ट्यांना त्याने नावे ठेवली. सिल्बरमानने पुढे सुधारणा केल्या आणि बाखने त्यांना पसंती दिली. १७४७ साली पॉट्सडॅमला फ्रेडरिक राजाच्या दरबारात त्याने याच कारागिराच्या पियानोंवर आपले कौशल्य दाखविले. एवढेच नव्हे, तर एका पियानोच्या विक्रीत त्याने मध्यस्थी केल्याची १७४९ ची पावतीही उपलब्ध आहे. तथापि तो पियानो म्हणजे हलक्या लाकडी चौकटीचे, पातळ तारांचे वाद्य होते. आजच्या सभागृहातल्या पियानोशी त्याचे नाते पणजोबा-पणतूचे. तेव्हा हा पुरावा या पक्षाला वाटतो तेवढा भक्कम नाही.

पियानो पत्करला तरी भांडण मिटत नाही. उलट खरे भांडण तेथेच सुरू होते. बाखच्या हस्तलिखितांत लयीच्या आणि जोराच्या खुणा फारच विरळ आहेत. ही रिकामी जागा एकोणिसाव्या शतकातील संपादकांनी आपापल्या समजुतीने भरून काढली. चेर्नी यांनी १८३७ च्या सुमारास काढलेल्या आवृत्तीत हळू, जोरात, वाढवीत, विझवीत अशा सूचनांची दाटी आहे. आपण बीथोव्हेनचे वादन ऐकून त्या दिल्या, असे त्यांचे सांगणे. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी त्या सूचना बाखच्याच समजून पाठ केल्या. बुसोनी यांनी तर मंद्रातले स्वर दुप्पट करून बाखला भव्य देवालयाचा घुमारा दिला. याच्या नेमके उलट टोक म्हणजे कॅनडाचे ग्लेन गूल्ड. त्यांनी १९५५ साली ‘गोल्डबर्ग’ मुद्रित केले तेव्हा पेडलला जवळजवळ रजा दिली आणि प्रत्येक स्वर मण्यासारखा सुटा वाजविला. ते वादन अडतीस मिनिटांत संपले. १९८१ साली त्यांनीच तीच रचना पुन्हा मुद्रित केली, तेव्हा एक्कावन्न मिनिटे लागली. एकाच मनुष्याचे स्वतःशीही एकमत होऊ नये, यापेक्षा या प्रश्नाच्या जिवंतपणाचा अधिक चांगला पुरावा कोणता?

हा वाद दूरदेशीच्या विद्वानांपुरताच राहिलेला नाही. १९१५ साली स्थापन झालेली कलकत्त्याची संगीतशाळा घ्या, पणजीची १९५२ ची संगीत अकादमी घ्या, नाहीतर मुंबईतील शिकवण्या. पियानोच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलापुढे बाख किंवा स्कार्लाटी येतोच. पेडल दाबावे की नाही, हे त्या मुलाला पुढच्या आठवड्यात ठरवावयाचे असते. त्याला असे सांगावेसे वाटते की, पियानोने हार्पसिकॉर्डची नक्कल करू नये, पण आपल्या श्रीमंतीचे प्रदर्शनही मांडू नये. जोर वाढवावयाचा तो एखादी स्वरावली ओळखू यावी म्हणून, आपला भावावेग दाखविण्यासाठी नव्हे. पेडल आणि बोट दोन्ही जे काम करू शकतात, ते बोटानेच करावे. १७३५ साली छापलेल्या ‘इटालियन कन्सर्टो’मध्ये बाखने जोराच्या आणि हळूच्या खुणा स्वतः दिल्या आहेत. त्या पायरीसारख्या आहेत, उतारासारख्या नाहीत. एका पट्टीमालेवरून दुसरीवर उडी, मधे घसरण नाही. एवढे डोळसपणे वाचले तरी निम्म्या शंका फिटतात.

मात्र निकाल देताना घाई करू नये, हे शहाणपण आपल्या आकाशवाणीने तरी विसरू नये. तिने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली. ठाम बसविलेल्या पट्ट्यांतून मींड निघत नाही, श्रुती मिळत नाहीत, असे आक्षेप होते आणि शास्त्रदृष्ट्या ते खोटे नव्हते. रवींद्रनाथ ठाकूरही त्याच मताचे होते. पण त्याच पेटीवर गोविंदराव टेंबे यांनी काय चमत्कार केले होते, हे महाराष्ट्राने ऐकले होते. पट्ट्यांतून मींड निघत नाही हे त्यांनाही ठाऊक होते. भात्याचा दाब आणि बोटांची सरक यांनी ऐकणाऱ्याच्या कानात मिंडीचा भास उभा राहतो, तेवढ्यावर ते थांबत. बंदी सैल होण्यास तीस वर्षे जावी लागली. तेवढ्या काळात किती पेटीवादकांना रेडिओचे दार बंद राहिले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. बाख वाजविणारा उत्तम पियानोवादक हेच करतो. हार्पसिकॉर्डचा टणत्कार त्याला साधत नाही. परंतु सुट्या स्वरांनी आणि वेळेवर घेतलेल्या खटक्यांनी तो त्याचा भास निर्माण करतो.

बर्डच्या गीतांकडेही आता लोक पुन्हा वळले आहेत. ब्रिटिश वादक जेन चॅपमन यांनी २०१५ साली ती हार्पसिकॉर्डवर ध्वनिमुद्रित केली. ऐकताना टप्प्याच्या ताना त्या छेडलेल्या तारांत चांगल्या चमकतात, पण एकही स्वर दुसऱ्याकडे वळत नाही. पियानोही तो वळवू शकत नाही. या दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा मात्र विसर पडतो. क्लॅव्हिकॉर्ड नावाचे एक चिमुकले वाद्य बाखच्या घरोघर होते आणि त्याचे ते विशेष आवडते होते असे त्याचा चरित्रकार फोर्केल १८०२ साली लिहितो, जरी पुढच्या संशोधकांना त्याची पुरती खात्री नाही. त्यात पट्टीच्या टोकाचा पितळी पत्रा तारेला टेकलेलाच राहतो, त्यामुळे पट्टी दाबल्यावरही बोट हलविले की स्वर थरथरतो, आंदोलित होतो. युरोपातील पट्टीवाद्यांत आपल्या गमकाच्या अगदी जवळ येते ते हेच. त्याचा आवाज इतका नाजूक की, शेजारच्या खोलीतही तो नीट पोहोचत नाही. बर्डचा एखादा टप्पा त्यावर, दारे-खिडक्या लावून, वाजवून पाहावयास हवा.